शेऱ्याचा रकाना

जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्या रविवारी आमच्या सातिवलीच्या संगीत-चित्रकला वर्गात नावनोंदणी असायची. वर्ग म्हणजे चाळीच्या टोकाच्या दोन खोल्या. एकीत गाणं नि हार्मोनियम, दुसरीत तबला. आणि चित्रकला बाहेरच्या पडवीत, कारण चांगला उजेड तेवढा तिथेच. पडवीतच टेबल मांडलं जाई. त्यावर पावतीपुस्तक, स्टॅम्पपॅड, पैसे ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंपुढे नावनोंदणीची वही: जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. शाळकरी वयात त्या वहीत माझं नाव लागलं आणि पुढे कॉलेजात असताना मी त्याच टेबलाशी पावत्या फाडायला बसू लागले.

वसई म्हटलं की लोकांना किल्ला आठवतो, केळीच्या वाड्या आठवतात, नाताळ आठवतो. ती पश्चिमेची वसई. आमची सातिवली पूर्वेला, गोखिवरे-वालीवच्या शेजारची. उगवतीला तुंगारेश्वरचा डोंगर आणि आजूबाजूला पत्र्याच्या छपरांचे कारखान्यांचे गाळे. मूळचे गावकरी, पाड्यांवरची आदिवासी घरं, कोकणातून नि घाटावरून आलेली कुटुंबं, उत्तर प्रदेश-बिहारकडचे कामगार, या सगळ्यांची मुलं एका रांगेत उभी असत. पाऊस नुकता लागलेला. छत्र्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या, पडवीभर चिखलाची पावलं आणि आतल्या खोलीत कुणीतरी जुना विद्यार्थी रंगात येऊन तबल्यावर कायदा वाजवत बसलेला. तो ऐकूनच रांगेतली निम्मी पोरं तबल्याकडे वळायची.

वहीत रकाने ठरलेले. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, पत्ता, विषय, फी. पत्ता म्हणजे ‘पिठाच्या गिरणीमागे’ किंवा ‘खिंडीच्या अलीकडे, तिसरी खोली’ असा. आणि शेवटी सगळ्यांत रुंद रकाना होता शेऱ्याचा. बाईंचं खरं काम तिथे चाले.

गाण्याला नाव घालायला आलेल्या मुलाला त्या आधी नाव विचारतच नसत. पेटी जवळ ओढून एक पट्टी दाबत आणि म्हणत, “हा सूर ऐक, आणि माझ्याबरोबर आ कर.” मूल आईच्या पदराआड जाई. बाई दुसरी पट्टी दाबत, पहिल्यापेक्षा खालची. मग तिसरी. कुठेतरी एका सुरावर तो बारीक आवाज अचानक मोकळा होऊन बाहेर पडे आणि बाईंचा चेहरा उजळे. “काळी चार,” त्या मला पट्टी सांगत, “लिही. आणि पुढे लिही, लाजतो, पण कान पक्का.” एवढं झालं की मग, “हं, आता नाव सांग बाळा.”

तबल्याच्या सरांची रीत निराळी. ते मुलाचे दोन्ही हात हातात घेऊन बोटं बघत. “जेवतोस कुठल्या हाताने?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. डावखुरा निघाला तर त्याच्यासाठी तबला डावीकडे नि डग्गा उजवीकडे मांडायचा, हे पहिल्याच दिवशी शेऱ्यात चढे. एका मुलीला तबल्याच्या कडेला, चाटेवर ‘ना’ हा बोल वाजवायला सांगितलं, तर तिने तर्जनी अशी सुटी नि स्वच्छ मारली की सर तिच्या वडिलांना म्हणाले, “दादा, हिला घरी भांडी वाजवायला बंदी करू नका.” ती मुलगी पुढे विशारद झाली.

त्याच रकान्यात कधी कधी बाईंच्या हाताची बारीक अक्षरं असत: ‘वडील रात्रपाळी, फी दहा तारखेनंतर.’ ‘दोघी बहिणी, एकीचीच घ्यावी.’ ‘मागू नये.’ कुणाला अर्ज करावा लागला नाही, दाखला आणावा लागला नाही. पालकांच्या तोंडाकडे पाहून बाईंना कळे आणि त्या लिहून ठेवत. वही बंद झाली की ती गोष्टही तिथेच मिटे.

या वहीमागे केवढी परंपरा आहे, हे मला पुढे वाचताना कळलं. एके काळी गाणं शिकायचं तर उस्तादाची मर्जी लागे, वर्षानुवर्षं गुरुगृही राबावं लागे. विष्णु दिगंबर पलुसकर स्वतः मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या घरी असेच शिकले. त्यांनीच ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली फी, परीक्षा अशी शाळेची शिस्त गाण्याला लावून दिली. सामान्य घरातल्या मुलामुलींना नाव घालून गाणं शिकता येऊ लागलं. १९०८ साली मुंबईत विद्यालय सुरू झालं. तिथली इमारत पुढे कर्जापायी हातची गेली. १९३१ च्या ऑगस्टमध्ये पंडितजी गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्याच मंडळाच्या पायऱ्या आमची सातिवलीची मुलं अजून चढतात. नोंदवहीत नाव लागणं हा कलेच्या इतिहासातला मोठा हक्क आहे, असं मी मानते.

मग परीक्षांचे अर्ज ऑनलाइन झाले. कागदी अर्ज, डिंकाने चिकटवलेले फोटो, सह्यांसाठीची धावपळ हे सगळं मागे पडलं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएटचंही तेच झालं. पण वर्गातली वही टिकून होती. ती गेली २०२० च्या टाळेबंदीत. बाई फोनवरून शिकवू लागल्या, तर आवाज पोचायला क्षणभर उशीर होई नि गुरू-शिष्यांना एकत्र सूर लावता येईना. बाई गाऊन थांबत, मग मूल गाई. तसं एकेक वाक्य करत त्यांनी भूपाची बंदिश पुरी केली, हे मी शेजारी बसून पाहिलं आहे.

वर्ग पुन्हा उघडले तेव्हा कंपनीत नोकरीला लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने नावनोंदणीचा गूगल फॉर्म करून दिला. त्याने फार मनापासून केलं ते. आणि फॉर्मने उपकारही केले, हे सांगितलंच पाहिजे. रविवारी ज्यांना सुट्टी नसते अशा आया रात्री स्वयंपाकघर आवरून नाव भरू लागल्या. हिशोब चोख झाला, क्यूआर कोडमुळे सुट्ट्या पैशांची कटकट गेली, नवरात्रात नि डिसेंबरच्या कला-क्रीडा महोत्सवाच्या वेळी सगळ्यांना निरोप एका क्षणात जाऊ लागला. बाईंचे डोळे आताशा बारीक अक्षराला दाद देत नाहीत, त्यांनाही सोयच झाली.

पण पहिल्याच वर्षी गाण्याच्या जागा एका रात्रीत भरल्या. लिंक आधी पोचली ती नव्या टॉवरांमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर. गाळ्यांमागच्या वस्तीत फोन एकच, तो वडिलांबरोबर पाळीवर गेलेला. सकाळी दोन मुलं नेहमीसारखी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. “बाई, नाव घालायचंय.” बाईंनी पेटी ओढली, दोघांचे सूर काढले आणि कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. जागा कुठून आणल्या ते त्यांनाच ठाऊक. त्या संध्याकाळी फॉर्म करणाऱ्या मुलाला त्यांनी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, “छान केलंस रे. आता याच्यात माझा शेरा कुठे लिहू ते सांग.”

तो खरंच विचारात पडला. फॉर्म इंग्रजीत होता, तो त्याने मराठी नि हिंदीतही केला. प्रत्येक विषयाच्या काही जागा प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या. फीच्या रकान्यापुढचं अत्यावश्यकतेचं चिन्ह काढून टाकलं आणि पैसे भरल्याशिवायही नाव जाईल अशी सोय केली. शेऱ्यासाठी त्याने फक्त शिक्षकांना दिसेल असा एक स्तंभ यादीत वाढवला. बाई बोलतात, तो टंकतो. परवा डोकावले तर पहिल्याच ओळीत होतं: ‘काळी पाच. आजीने गाणं लावलं आहे, सूर घरचा.’

रविवारचं टेबलही परत मांडलं जातं. आता त्यावर एक फोन असतो आणि ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांचा तो मोठी मुलं भरून देतात. पेटी शेजारीच असते. माझ्या मते हीच योग्य व्यवस्था आहे: नाव कुठूनही भरा, पण मुलाचा पहिला सूर शिक्षकांनी समोर बसवूनच ऐकावा.

असे वर्ग आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या लिंका आता तुमच्या-माझ्या फोनवर येत असतात. आपल्या मुलाचं नाव भरून झालं की इमारतीच्या वॉचमनला, घरकामाच्या ताईंना एकदा विचारा, “तुमच्या मुलांपैकी कुणाला गायला, वाजवायला, चित्रं काढायला आवडतं का?” हो म्हणाले, तर त्याच फोनवर तिथल्या तिथे त्यांचंही नाव भरून द्या. जागा संपायच्या आत.