जे घेतलं, तेच परत

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. बी.एड. होऊन आता बरीच वर्षं झाली, त्यातली पहिली तीन शिक्षणसेवक म्हणून आठ हजारांवर काढली. नफा-तोटा, शेकडेवारी, सरळव्याज हे सारं फळ्यावर लिहून लिहून बोटं पांढरी झाली आहेत. तरी २०२१च्या ऑगस्टमध्ये आमच्या आपाने केपटाउनहून एक हिशेब घातला आणि तो आम्ही चुकवला. आमची आपा दहावीपर्यंतच शिकलेली, पण चूक तिनेच दाखवून दिली. ती गोष्ट सांगायला हवी.

कोकणातल्या मुसलमान घरांत केपटाउन हे नाव परकं नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ आमची माणसं जहाजाने तिकडे जात राहिली. दुकानं थाटली, मशिदी बांधल्या, आणि मुलांसाठी सुना आणायला पुन्हा गावी येत राहिली. वर्णभेदाच्या काळात कायद्याने वस्त्या वाटून दिल्या, त्यात रायलँड्सचा भाग भारतीयांच्या वाट्याला आला. आपा लग्न होऊन तिथेच गेली. दुल्हाभाईंचे आजोबा खेड तालुक्यातले. घरात आजही कोकणी बोलतात, फक्त मध्येमध्ये इंग्रजी आणि आफ्रिकान्स शिरतं.

दुल्हाभाईंचं कपड्यांचं छोटं दुकान होतं. २७ मार्च २०२० रोजी तिकडे टाळेबंदी लागली आणि दुकान बसलं ते बसलंच. तेव्हा आपाने गॅरेजमध्ये बिलटाँग करायला घेतलं. बिलटाँग म्हणजे सुकवलेलं गोश्त. नाव डच भाषेतलं आहे, 'बिल' म्हणजे पुठ्ठा आणि 'टाँग' म्हणजे जीभ, जिभेसारखी लांब पट्टी. दक्षिण आफ्रिकेत गोरे, काळे, मलाय, भारतीय सगळेच ते खातात. क्रिकेटचा सामना बघताना आपण शेंगदाणे खातो तसं.

पहिल्यांदा तिने व्हिडिओवर ते दाखवलं, तेव्हा अम्मी चष्मा लावून पुढे सरकली. बैलाच्या मागच्या मांडीचा, चरबी कमी असलेला भाग घ्यायचा. रेषांच्या दिशेने अंगठ्याएवढ्या जाड पट्ट्या कापायच्या. सिरक्यात भिजवायच्या. धणे भाजून भरड कुटायचे, त्यात जाडं मीठ, काळी मिरी, थोडी तपकिरी साखर घालून पट्ट्यांना चोळायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी आकड्यांना अडकवून टांगायच्या. केपटाउनला पाऊस थंडीत पडतो, जून-जुलैची हवा ओली. म्हणून दुल्हाभाईंनी प्लायवूडची कपाटासारखी पेटी केली. खाली एक बल्ब, वर छोटा पंखा, बाजूला हवेसाठी भोकं. पाच-सहा दिवसांत गोश्त सुकतं आणि वजन जवळपास निम्मं होतं.

“हे तर आपल्या सोड्यांसारखंच,” अम्मी म्हणाली. “फक्त कोळंबीच्या जागी बैल.”

खरंच, आम्ही सुकवणारी माणसं. आगोटीच्या आधी बोंबील, जवळा, सोडे डब्यात गेले नाहीत तर कोकणात पावसाळा निघत नाही. अमेरिकेतही असंच गोश्त सुकवतात, त्याला जर्की म्हणतात. पण त्याच्या पट्ट्या पातळ असतात आणि त्या उष्णतेवर सुकवतात. तिथलं कृषी खातं तर गोश्त आधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्या असं सांगतं. बिलटाँगला आच लागतच नाही. मीठ, सिरका, वारा आणि करणाऱ्याचे स्वच्छ हात एवढाच त्याचा भरवसा. अरबांमध्ये या सुक्या गोश्ताला कदीद म्हणतात. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. हुजूरांसमोर (स.) आलेला एक माणूस थरथर कापू लागला. त्याला धीर देताना हुजूरांनी आपली ओळख कदीद खाणाऱ्या एका कुरैशी बाईचा मुलगा अशी करून दिली. आम्ही तो प्रसंग आपाला सांगितला तेव्हा ती हसून म्हणाली, “मग माझ्या गॅरेजला बरकत आहे म्हणायची.”

बरकत होतीही. नगरपालिकेचा खाद्यपदार्थांच्या जागेचा दाखला दुल्हाभाईंनी काढला होता. खाटीक ओळखीचा, जबीहा खात्रीचा. शेजारपाजार संपल्यावर भाच्याने विक्री इंटरनेटवर नेली. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता आणि त्याच्या ओळखीच्या तरुण मंडळींना पैसे बिटकॉइनमध्ये द्यायचे होते.

हे नाणं आम्हाला त्यानेच समजावलं. ते हातात येत नाही, कुठलं सरकार छापत नाही. सातोशी नाकामोतो असं नाव घेतलेल्या कुणीतरी २००८ साली त्याची कल्पना मांडली आणि २००९पासून ते चालू झालं. कुणी कुणाला किती दिलं याची वही जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकाच वेळी लिहिली जाते, साधारण दर दहा मिनिटांनी तिचं नवं पान भरतं. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर कधी जाणार नाहीत. एका नाण्याचे दहा कोटी तुकडे होतात. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एका माणसाने दोन पिझ्झ्यांसाठी दहा हजार नाणी दिली होती, असं भाचा सांगे. “मामू, आज त्या पिझ्झ्यांची किंमत काढा,” म्हणे. आम्ही काढली आणि वहीवर शून्यं मोजत बसलो.

पाकिटाची किंमत रँडमध्ये ठरलेली होती, अर्ध्या किलोला २०० रँड. गिऱ्हाईक त्या क्षणीच्या भावाने तेवढं बिटकॉइन पाठवी. एकेका पाकिटासाठी पाठवलं तर पाठवणावळ फार पडे, म्हणून महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि दर आठवड्याला अर्धा किलो पोहोचवायचं असं ठरलं. आठवडा संपला की भाचा नाणी विकून रँड आईच्या हातावर ठेवी.

२०२१ची बकरी ईद २१ जुलैला आली. त्याच सुमारास २३ गिऱ्हाइकांनी चार आठवड्यांचे पैसे भरले. माणशी ८०० रँड, एकूण १८,४०० रँडांचं बिटकॉइन. आदल्याच दिवशी नाण्याचा भाव तीस हजार डॉलरच्या खाली गेला होता. पडत्या भावात विकायचं कशाला म्हणून भाचा थांबला. गोश्त घरच्या पैशांनी आणलं आणि २३ किलोच्या पट्ट्या पेटीत टांगल्या.

इकडे चिपळूणला ईदच्या रात्री पाऊस थांबेना. २२ जुलैला पहाटे वाशिष्ठी घरात आली. आम्ही अम्मीला घेऊन शेजारच्या गच्चीवर गेलो, तिथून आमचं घर पाण्यात उभं दिसत होतं. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर फ्रिज आडवा होऊन दाराला अडकलेला. त्यात कुर्बानीचं गोश्त. गरिबांचा हिस्सा ईदच्या दिवशीच वाटला होता, तेवढाच खरा उपयोगी पडला म्हणायचा. उरलेलं सगळं खड्डा करून पुरलं. पीठ, तांदूळ, गाद्या, सासऱ्यांनी दिलेली शिलाई मशीन, मुलांच्या तपासायच्या वह्या, सगळ्यावर बोटभर चिखल. बी.एड.चं प्रमाणपत्र नात्यातल्या एका घरी पंख्याखाली दोरीवर चिमटे लावून सुकवलं. त्यावरचा शिक्का अजून पसरट दिसतो.

त्याच आठवड्यात आपाच्या गल्लीची वीज वादळाने दीड दिवस गेली. पेटीतला बल्ब विझला, पंखा थांबला. पट्ट्यांवर बुरशी धरली. तिकडे बरेच लोक अशी बुरशी सिरक्याने पुसतात आणि खातात. दुल्हाभाईंनी तसं सुचवलंही. आपा म्हणाली, “मी माझ्या मुलाला देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला कसं देऊ?” तेवीस किलो गोश्त गेलं. नवं टांगायच्या आधीच घरात करोना शिरला, कारण तिकडे तेव्हा तिसरी लाट चालू होती. आजारी हातांनी खाण्याची वस्तू करायची नाही म्हणून गॅरेजला कुलूप लागलं.

पैसे परत करायची वेळ आली ती ऑगस्टच्या मध्यावर. तोवर नाण्याचा भाव पंचेचाळीस हजार डॉलरच्या वर गेला होता. जुलैत १८,४०० रँडांची असलेली नाणी आता जवळपास २७,६०० रँडांची झाली होती.

गिऱ्हाइकांना प्रत्येकी ८०० रँड परत दिले तर आपाकडे सुमारे ९,२०० रँड उरत होते. त्यात बुडालेल्या गोश्ताचे पैसे निघाले असते आणि शिवाय बरंच राहिलं असतं. आपल्याकडचे सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार रुपये. नाणी होती तशी परत केली तर काहीच उरत नव्हतं, उलट गोश्ताचा तोटा अंगावर.

या लेखात आम्ही सवयीने 'आम्ही' म्हणतो आहोत. उर्दूतही 'हम' म्हणायची सवय आहे. या सवयीत जबाबदारी वाटली जाते आणि कुणा एकाच्या अंगावर येत नाही. म्हणून स्पष्ट सांगतो, तो फोन घरातल्या दुसऱ्या कुणी केला नव्हता. अम्मी झोपल्यावर बाहेर ओट्यावर येऊन, एकट्यानेच केला होता.

आम्ही आपाला म्हणालो, “किंमत तू रँडमध्ये ठरवली होतीस. रँडच परत कर. यात बेइमानी नाही. भाव वाढला हे तुझं नशीब. आणि इकडे घराची अवस्था तू पाहिलीस.”

हिशेबात चूक नव्हती. वर्गात हेच उदाहरण आलं असतं तर या उत्तराला आम्ही पूर्ण गुण दिले असते.

आपा थोडा वेळ बोलली नाही. खोकत होती. मग म्हणाली, “भाई, त्यांनी मला रँड दिलाच नव्हता. जे दिलं नाही ते परत कसं करू? घेतलं ते हे आहे. माल मी दिला नाही. मग हे माझं कधी झालं?”

पलीकडून भाच्याने विचारलं, “आणि भाव पडला असता तर? तेव्हाही नाणीच दिली असतीस?”

प्रश्न बरोबर होता. आम्हाला वाटलं, आता ती अडकली.

“नाही,” आपा म्हणाली. “तेव्हा पदरचे घालून आठशे रँड पुरे केले असते. बुरशी आपल्या पेटीत आली, त्यांच्या घरात नाही.”

“हा धंदा नाही झाला,” भाचा म्हणाला.

“मग नसेल,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना गाठलं. खरं तर आपलं म्हणणं बरोबर ठरावं अशी इच्छा होती. या नाण्यावर आलिमांमध्ये एकमत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. इजिप्तच्या मुफ्तींनी जानेवारी २०१८मध्ये ते हराम ठरवलं होतं, काही अभ्यासक त्याला जायज मानतात. इमामसाहेब चिखलाने भरलेल्या चटया धूत होते. हात न थांबवता म्हणाले, “मास्तर, नाणं जायज की नाजायज यावर वाद चालू राहील. सौदा मोडला तर घेतलेलं परत करावं, यावर कसला वाद?” मग त्यांनी सहा वस्तूंची हदीस आठवून दिली. सोनं, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ. यांचा आपसांत बदला करायचा तर जिनसाला तीच जिन्नस, बरोबरीने आणि हातोहात. सहावी वस्तू मीठ आहे, हे आम्हाला पाठ होतं. पण गोश्त टिकवणारं साधं मीठ सोन्याच्या पंक्तीत बसवलं आहे, याचा विचार त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

आपाने तेवीसही जणांना नाणी होती तेवढी परत पाठवली. पाठवणावळ स्वतः भरली. आम्हाला महिनाभराने बँकेतून तीन हजार रँड आले, तिने घरखर्चातून बाजूला काढलेले. त्यात दोन दारं बसली. बाकीचं घर पगारातून, पतसंस्थेच्या कर्जातून आणि लोकांच्या मदतीतून हळूहळू उभं राहिलं. तो ४६ हजारांचा आकडा कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हता, हेही लिहायलाच हवं.

पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाणं ६९ हजार डॉलरपर्यंत चढलं, आणि वर्षभरात सोळा हजारांवर आलं. आपल्या सरकारने १ एप्रिल २०२२पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर बसवला. परत मिळालेल्या नाण्यांचं त्या तेवीस जणांनी काय केलं, कुणाचा फायदा झाला, कुणाचं बुडालं, आपाने कधी विचारलं नाही. गॅरेज पुन्हा चालू झालं. भाचा अजून बिटकॉइन घेतो, पण त्याच दिवशी रँड करून टाकतो. आणि पाकिटाच्या मागे एक ओळ छापली आहे: माल पोहोचला नाही तर जे दिलंत ते परत.

२०२३च्या जानेवारीत आपा माहेरी आली. बिलटाँग आणता आलं नाही, म्हणून इथेच करू म्हणाली. आपल्या राज्यात मार्च २०१५पासून बैलाच्या कत्तलीवर बंदी आहे, तेव्हा म्हशीचं गोश्त आणलं. जानेवारीची हवा कोरडी होती, पेटीची गरज पडली नाही. माडीवर सोडे सुकवायच्या जागी जाळीच्या आत पट्ट्या टांगल्या. अम्मी रोज वर जाऊन बोटाने दाबून बघे. सहाव्या दिवशी तागडीत घातलं. दोन किलोचं एक किलो भरलं.

अम्मीने त्यातलं थोडं ताटलीत घालून शेजारी पाठवलं, पुरात ज्यांच्या गच्चीवर आम्ही बसलो होतो त्यांच्याकडे. संध्याकाळी ताटली परत आली. आमच्याकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. तीत मूठभर सोडे होते.