दोन जामीनदार आणि एक बोगदा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला तीन वाक्यं न अडखळता म्हणता आली पाहिजेत. 'उद्या या', 'साहेब राऊंडला गेलेत' आणि 'लिंक नाही'. पैकी पहिली दोन आमच्या आधीच्या पिढ्यांनी घासूनपुसून लख्ख करून ठेवलेली होती. तिसरं मात्र आमच्या पिढीचं स्वतःचं योगदान. कोअर बँकिंग आलं, साऱ्या शाखा एका दोऱ्यात ओवल्या गेल्या, आणि पासबुक भरायला आलेला म्हातारा व त्याचे स्वतःचे पैसे यांच्यामध्ये लिंक नावाची एक मानिनी येऊन उभी राहिली. ती येते, जाते, रुसते. काही शाखांच्या गच्चीवर तिच्यासाठी व्हीसॅटची छत्री असते. छत्री ही पावसासाठी असते असा आपला समज. ही छत्री पाऊस आला की काम सोडते. ग्राहक विचारतो, "लिंक कधी येईल?" आम्ही छताकडे बघतो. तोही बघतो. दोघांच्याही चेहऱ्यावर वारकऱ्याचा भाव असतो.

या मानिनीचं माहेर-सासर मला कळलं ते माझ्या पुतण्यामुळे, आणि तेही पुण्या-मुंबईत नव्हे, बोरी बुद्रुकला.

बोरी बुद्रुक हे जुन्नर तालुक्यातलं, कुकडीच्या काठचं आमचं गाव. तसं ते जगप्रसिद्ध आहे. पण गाव कांद्याच्या भावात गुंतलेलं असल्यामुळे त्याला त्याचा पत्ता नाही. नदीकाठच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते आणि तिच्या सोबतीला अश्मयुगातली दगडी हत्यारं. राख कुठली, तर सुमात्रा बेटावरच्या टोबाची. ती ७५,००० वर्षांपूर्वी आली की त्याहून कितीतरी आधी, यावर विद्वानांची भांडणं आहेत. आली कशी, यावर मात्र नाहीत. वाऱ्यावर आली. हजारो किलोमीटरवरून, अर्ज न करता, डिपॉझिट न भरता, माल थेट आमच्या गावात पोचता झाला. त्यानंतर बाहेरून आमच्या गावात इतक्या बिनबोभाट काही आल्याचं ऐकिवात नाही. इंटरनेट तर नाहीच नाही.

पुतण्या हिंजवडीच्या एका कंपनीत. २०२० च्या टाळेबंदीत साऱ्यांबरोबर तोही घरी आला. पुढे बाकीचे परत गेले, हा राहिला. कारण मधल्या काळात दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. घरात वहिनी एकटी, तीन एकर कांदा, दोन म्हशी. पोरगा घरात असला की दादाला उठवून ओसरीवर बसवता येतं. नसला की दादा खाटेवर छताकडे बघत पडतो. (छताकडे बघण्याची आमच्या घराण्याला सवय आहे, पण ती पगारी असावी, अशी नव्हे.)

कंपनीची हरकत नव्हती. फक्त मीटिंगमधून माणूस गळता कामा नये अशी अट होती. आणि हा तर पिकल्या बोरासारखा गळत होता. घराला गावातल्या केबलवाल्याची फायबर होती. ती कधी ट्रॉलीत अडकून तुटे, कधी खांबावरची वीज गेली की जाई. मग हा मोबाईल घेऊन मागच्या टेकाडावर पळायचा, कारण रेंज तिथे. साहेब अमेरिकेतला, म्हणजे मीटिंग रात्री. आणि आमच्याकडे रात्री उसातून कोण हिंडतं ते जुन्नर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे पुतण्या टेकाडावर इंग्रजीत सर्व्हरचं आरोग्य सांगतोय आणि मागे वहिनी एका हातात बॅटरी घेऊन दुसऱ्या हाताने पत्र्याचा डबा बडवतेय, असा देखावा कित्येक रात्री झाला. साहेबाने एकदा विचारलं, हा आवाज कसला? पुतण्या म्हणाला, "वन्यजीवांचा प्रश्न आहे." साहेबाला तो विनोद वाटला. तिमाही संपता संपता पत्र आलं, की आणखी असं झालं तर पुण्याला हजर व्हावं.

दादा पत्रावर काही बोलला नाही. फक्त रोज संध्याकाळी, उरलेल्या अर्ध्या जिभेने, विचारू लागला, "लाइन आहे का रे?"

पुतण्याने दुसरी लाइन घ्यायचं ठरवलं. मी त्याला बँकेतला पहिला धडा सांगितला: जामीनदार दोन घ्यावेत, पण एका चुलीवरचे घेऊ नयेत. एक बुडाला की दुसरा त्याच खड्ड्यात असतो. तो म्हणाला, "काका, नेटवर्कमध्ये नेमकं हेच आहे." दोन फायबर घेतल्या आणि दोन्ही एकाच खांबावरून आल्या, तर ती एकच लाइन, बिलं फक्त दोन. म्हणून दुसरी त्याने सिमकार्डाची घेतली आणि अँटेना उंच बांबूवर चढवला. एक जमिनीवरून, एक हवेतून.

मग एक जुना, पंख्यासारखा घरघरणारा संगणक काढून त्यावर लिनक्स चढवलं. हे युनिक्सच्या कुळातलं. १९६९ साली इकडे सरकारने १४ बँका ताब्यात घेतल्या आणि त्याच साली तिकडे अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. दोन्ही संस्था अजून चालू आहेत. फरक एवढाच, की युनिक्सवाला जेवणाची सुट्टी घेत नाही.

आणि एके दिवशी ओसरीवर बसून पुतण्या फोनवर कुणाला तरी मोठ्याने म्हणाला, "बोगदा तयार झालाय, मुंबईपर्यंत."

आमच्या जुन्नर-आंबेगावात हा शब्द जपून वापरावा लागतो. डिंभे धरणातून माणिकडोहला बोगद्याने पाणी न्यायचं की नाही, यावर इथे सभा होतात, मोर्चे निघतात, सोयरिकीत बोलाचाल बंद होते. संध्याकाळपर्यंत पारावर बातमी: पाणी मुंबईला चाललं. रात्री दोन बागाईतदार खुलासा मागायला आले. पुतण्याने त्यांना पडद्यावरची काळी पाटी दाखवली. एकाने विचारलं, "म्हंजे खणलं नाही?" "नाही." "मंग बोगदा कसला?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी चहा घेतला.

प्रश्न मात्र रास्त होता. बोगदा कसला?

मी बी. कॉम. असल्यामुळे मला कोणतीही गोष्ट पैशात सांगितली की समजते. करन्सी चेस्टमधून शाखेत रोकड जाते ती सार्वजनिक रस्त्यानेच. रस्ता बँकेचा नसतो. त्याच रस्त्यावर नारायणगावला निघालेले टोमॅटोचे क्रेट असतात, उसाच्या गाड्या असतात, एखादं वऱ्हाड असतं. पण आपली पेटी सीलबंद. नाक्यावरच्याला गाडी दिसते, नोटा दिसत नाहीत. व्हीपीएन म्हणजे तेच: रस्ता सगळ्यांचा, पेटी आपली. किल्ल्यांचीही गंमत आहे. दोन्ही टोकांना किल्ल्यांची एकेक जोडी. जोडीतली एक किल्ली उघड सांगायची, दुसरी कुणालाही नाही. खातेक्रमांकासारखं. तो गावभर वाटला तरी लोक फार तर पैसे भरतील. काढायला सही तुमचीच लागते.

बोगद्याचं मुंबईकडचं तोंड म्हणजे भाड्याने घेतलेला एक सर्व्हर. तोही फुकाफुकी मिळत नाही. नाव, पत्ता, पडताळणी. २०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारने असे सर्व्हर आणि व्हीपीएन भाड्याने देणाऱ्यांना गिऱ्हाइकाची नोंद पाच वर्षं जपायला सांगितली. केवायसीने केवळ आम्हालाच पिडलेलं नाही हे ऐकून मला फार बरं वाटलं.

"पण मधे मुंबई कशाला?" मी विचारलं. तर फायबरचा पत्ता वेगळा, सिमचा वेगळा. बोलता बोलता लाइन बदलली, की पलीकडच्याला वाटतं माणूसच बदलला. सही जुळत नाही म्हणून तो परत पाठवतो. आमच्या खात्यात याबद्दल त्याचा सत्कार झाला असता. पण सगळं बोलणं मुंबईच्या सर्व्हरमार्फत झालं, की जगाला एकच पत्ता दिसतो. मागे फायबर आहे की सिम, हा घरातला मामला.

आता खरी हौस. दोन्ही लाइनी एकदम जोडून वेग दुप्पट करायचा! इथे पुतण्याची दोन आठवडे झोप गेली. आधी त्याने कामं वाटून दिली: एक संभाषण या लाइनवर, दुसरं त्या. हे दोन कॅशियर बसवण्यासारखं. दोन गिऱ्हाइकं एकदम निघतात, पण एका गिऱ्हाइकाची रोकड काही दुप्पट वेगाने मोजून होत नाही. मग त्याने दोन लाइनींतून दोन बोगदे काढले आणि पत्ते पिसून वाटावेत तशी एकाच संभाषणाची पाकिटं आलटून पालटून सोडली. एक फायबरवर, एक सिमवर. झालं काय, की फायबरची पाकिटं धावत पुढे पोचली आणि सिमची मागून रमतगमत आली. पलीकडे १, ३, ५ हजर, २ आणि ४ चा पत्ता नाही. तो म्हणाला, हरवली! पुन्हा पाठवा! आणि जरा हळू पाठवा! एक खिलारी आणि एक रेडा जुंपल्यावर गाडी ज्या वेगाने चालते त्या वेगाने काम चालू झालं. दोन्ही मिळून एकट्या फायबरपेक्षा मंद. वर बिलं दोन.

मी त्याला म्हटलं, अरे, शेजारी खोडदला जा आणि विचार. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचं तर हेच काम आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. १४ मधे जवळजवळ आणि १६ तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. तीसही कानांनी आकाशातली एकच कुजबुज ऐकायची आणि फायबरवरून एके ठिकाणी आणून जुळवायची. पुतण्या म्हणाला, "काका, ते जवळच्या तबकडीचा आवाज थांबवून धरतात, लांबचा पोचेपर्यंत. मग जुळतं. त्यांचा आवाज हजारो वर्षं चालत आलेला असतो, त्याला क्षणभर थांबायचं काही वाटत नाही. माझा साहेब थांबत नाही."

यावर मला काही सुचलं नाही.

अखेर त्याने दुपटीचा नाद सोडला. ठरलं असं, की एकाने ओढायचं, दुसऱ्याने शेजारी तयार उभं राहायचं. ओपनव्हीपीएन हे २००१ सालचं जुनं साधन बाजूला ठेवलं आणि वायरगार्ड घेतलं, जे २०२० साली लिनक्सच्या गाभ्यातच जाऊन बसलं. त्याचा गुण हा, की पाकीट कोणत्या दिशेने आलं ते बघत नाही, किल्ली बरोबर आहे का तेवढं बघतं. फायबर मेली आणि पाकीट सिमकडून आलं, तर मुंबईचा सर्व्हर म्हणतो, बरं, आजपासून तुम्ही तिकडे राहता. पुरावा, भाडेकरार, विजेचं बिल, काही मागत नाही. असा अधिकारी मला उभ्या नोकरीत भेटलेला नाही.

दोन बारीक दुखणी राहिली. एक म्हणजे, लहान निरोप जात आणि मोठी पानं अर्ध्यात लटकत. कारण रस्त्याच्या पेटीची फट १५०० बाइटांची. आपण पाकीट दुसऱ्या पाकिटात घातलं, की ते फुगतं आणि फटीत अडकतं. आतलं पाकीट १४२० चं केलं, की सुरळीत. दुसरं, सिमवाली कंपनी थोडा वेळ बोलणं थांबलं की वाट विसरते, बाहेरून आलेल्याला आत सोडत नाही. म्हणून इकडून दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवायचं. त्यात मजकूर काही नाही. फक्त आहे, आहे, आहे. वहिनीला हे लगेच समजलं. दादा खाटेवर असताना ती स्वयंपाकघरातून मधूनमधून नुसती "अहो" म्हणते, आणि तो नुसता "हं" म्हणतो.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मी रजेवर गावी होतो. दुपारची मीटिंग मोठी होती. अमेरिकेतला साहेब त्याची झोप मोडून बसलेला. पुतण्या ओसरीवर, दादा खुर्चीत त्याच्या समोर. दादाला इंग्रजी कळत नाही, पण पोराच्या तोंडाकडे तो असा बघत होता, जसा पूर्वी मोटेच्या धारेकडे बघायचा. मीटिंग तासभर चालली. मधे एकदा पुतण्याचा चेहरा दोन-तीन सेकंद थबकला, मग पुन्हा बोलू लागला. दादाने डाव्या हाताने खुर्चीची दांडी घट्ट धरली होती, ती मीटिंग संपेपर्यंत सोडली नाही.

दिवेलागणीला केबलवाला आला. घामाघूम. पाइपलाइनच्या जेसीबीने फाट्यावर फायबर तोडली होती.

"दुपारपासून गावात बोंब चालली," तो म्हणाला, "तुमचाच तेवढा फोन आला नाही. म्हटलं, घरी सगळे बरे आहेत ना?"

वहिनीने त्याला चहा दिला. दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, "लाइन... नव्हती... मग त्या दिवसाचे... पैसे कापून घे."