शंभर दिवसांची मुदत

देसाईगंज ही गडचिरोली जिल्ह्यातील धानाची बाजारपेठ. तेथील एका अडत्याची ही हकीकत. वय ६२, मधुमेह १५ वर्षांचा, जोडीला रक्तदाब. वहीतील एक पैसाही नजरेतून सुटू न देणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या नजरेची तपासणी मात्र चष्म्याच्या नंबरापलीकडे कधी करून घेतली नव्हती.

दिवाळीनंतर धानाची आवक ऐन भरात असताना एके सकाळी उजव्या डोळ्यापुढे धुके दाटले. दुखले काहीच नाही. ‘मोतीबिंदू असेल, हंगाम उरकला की पाहू,’ असे म्हणून ते कामाला लागले. संक्रांत उलटली आणि एका रात्री तोच डोळा लालबुंद झाला. असह्य डोकेदुखी, वर उलट्या. मुलाने ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड मार्गे पहाटे नागपूर गाठले.

डोळ्यातील दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर असतो. त्यांचा ५२ भरला. धुके दाटले त्याच दिवशी दृष्टिपटलातून रक्त परत नेणारी मुख्य शीर गुठळीने बंद झाली होती. प्राणवायूला मुकलेले दृष्टिपटल अशा वेळी नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून रासायनिक हाक देते. पण या वाहिन्या नाजूक आणि अस्थानी. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर पसरत त्या डोळ्यातील पाण्याचा निचरा रोखतात. दाब चढतो आणि दृष्टीची नस सुकू लागते. शीर बंद पडल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी हे घडते, म्हणून यास ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ असेही म्हणतात. दीर्घकाळचा मधुमेह आणि मानेतील रोहिणी अरुंद होणे, ही त्याची इतर प्रमुख कारणे.

थेंब व गोळ्यांनी दाब उतरवला, नव्या वाहिन्या सुकवणारे इंजेक्शन डोळ्यात दिले, दृष्टिपटलावर लेसर केला. शेवटी पाण्याच्या निचऱ्यासाठी सूक्ष्म नळीही बसवावी लागली. वेदना थांबली, गेलेली दृष्टी परतली नाही. सुकलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. डाव्या डोळ्यातही मधुमेहाने घर केले होते. तो मात्र वेळेवर झालेल्या लेसरने वाचला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या दुर्गम भागातून मोठे नेत्र रुग्णालय दूर पडते. सिरोंच्याहून नागपूर म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाचा प्रवास. म्हणूनच दुखण्याची वाट पाहणे येथे अधिक महाग पडते. मधुमेह्याने वर्षातून एकदा, डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करवून, दृष्टिपटल तपासून घ्यावे. दृष्टी अचानक अंधुक झाली, तर त्याच दिवशी निघावे.

त्या पेढीवर आता एक नवी रीत पडली आहे. दिवाळीला नवी वही उघडण्याआधी घरातील तिन्ही मधुमेही नागपूरला जाऊन डोळे तपासून येतात. वहीवरचे पहिले अक्षर अडते स्वतः लिहितात, उरलेल्या एका डोळ्याने.