गिअरबॉक्स नसलेला ट्रॅक्टर

आमच्या कचेरीच्या आवारात गवत कापायचा एक छोटा ट्रॅक्टर आहे. वर बसून चालवायचा, पोटाखाली पाती फिरणारा. अमेरिकेत असले ट्रॅक्टर घरोघरच्या हिरवळीवर दिसतात. आपल्याकडे क्रीडा मैदानं, मोठ्या हॉटेलांच्या बागा आणि क्वचित एखादं सरकारी आवार, एवढीच त्यांची वस्ती. पण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चतुर्थीपर्यंत गवत गुडघ्याला लागतं आणि त्यात साप असतात. त्यामुळे आमच्याकडे हा ट्रॅक्टर चैनीची वस्तू नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याची फाईल माझ्या टेबलावर आली. मी भांडार विभागात कारकून आहे. फाईलवर शेरा होता : 'गिअरबॉक्स निकामी. दुरुस्ती परवडणारी नाही. निर्लेखनासाठी सादर.' निर्लेखन म्हणजे आपल्या बोलीत कंडम करणे. सोबत एका विक्रेत्याचं दरपत्रक. त्यात म्हटलं होतं की हा भाग 'सीलबंद' आहे, आतून दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागेल. किंमत नव्या ट्रॅक्टरच्या किमतीचा मोठा घास घेणारी.

फाईल तशीच पुढे सरकवली असती तर मला कुणी काही विचारलं नसतं. पण त्या फाईलला एक माणूस जोडलेला होता. आमचा माळीबाब बरीच वर्षं कंत्राटावर आहे, आणि त्याची नेमणूक 'यंत्रचालक' म्हणून आहे. यंत्रच भंगारात गेलं तर चालक कशाचा? मार्चअखेरीला त्याच्या मुदतवाढीचा कागद निघतो, तेव्हा हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. सामान्य वित्तीय नियमांत वस्तू टाकाऊ ठरवताना कारण नोंदवावं लागतं. म्हटलं, आपण निदान ते कारण तरी खरं आहे का बघूया.

माळीबाबाला विचारलं, नेमकं काय होतं? तो म्हणाला, "मशीन मरूंक ना सायबा, थकलां." सकाळी गार असताना ट्रॅक्टर सरळ चालतो, चढही चढतो. अर्धापाऊण तास काम झालं, ऊन चढलं, की ध्वजस्तंभाकडच्या चढावर कुंथायला लागतो आणि मग जागीच थांबतो. इंजिन मात्र व्यवस्थित चालू. तासभर सावलीत उभा केला की पुन्हा हुशार. त्याचं हे एक वाक्य पुढं मला सगळ्या कागदांपेक्षा उपयोगी पडलं.

मी कला शाखेचा पदवीधर. मराठी आणि तत्त्वज्ञान. यंत्र म्हटलं की माझी मजल स्कूटरचा प्लग साफ करण्यापर्यंत. पण संध्याकाळी घरी बसून माहितीपुस्तिका वाचायला लागलो आणि पहिलाच धक्का बसला. ज्याला फाईल गिअरबॉक्स म्हणत होती तो गिअरबॉक्स नव्हताच! त्याचं नाव हायड्रोस्टॅटिक ट्रान्सअ‍ॅक्सल. ट्रान्समिशन आणि मागचा आस एकाच पेटीत, म्हणून ट्रान्सअ‍ॅक्सल. वेग कमीजास्त करायचं काम दात्यांची जोडी बदलून नाही तर तेलाच्या दाबानं होतं, म्हणून हायड्रोस्टॅटिक. सरकारी परिभाषेत याला कदाचित 'द्रवस्थितिक पारेषण' असं काहीतरी म्हणतील. नाव ऐकूनच ट्रॅक्टर बंद पडायचा. असो.

याच्या मुळाशी असलेला नियम पास्कलचा. मला पास्कल माहीत होता तो ईश्वराच्या अस्तित्वावर पैज लावणारा. त्याच माणसानं सतराव्या शतकात सांगून ठेवलं की बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. शिगम्यात पोरं खेळतात त्या दोन पिचकाऱ्या एका नळीनं जोडल्या आणि मध्ये हवा राहू दिली नाही, तर एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. ट्रान्सअ‍ॅक्सलच्या पोटात हेच चालतं. इंजिनचा पट्टा वरची पुली फिरवतो. पुली पंप फिरवते. पंपाच्या गोल दंडात छोटे दट्टे बसवलेले असतात आणि ते एका तबकडीला टेकून फिरतात. ही तबकडी सरळ असेल तर दट्टे नुसते गोल फिरतात, तेल ढकलत नाहीत, ट्रॅक्टर उभा राहतो. पायातला पेडल दाबला की तबकडी तिरकी होते, दट्टे आतबाहेर होऊ लागतात आणि तेल पलीकडच्या मोटरकडे धावतं. ती मोटर दात्यांमार्फत चाकं फिरवते. तबकडी उलट्या बाजूला कलली की ट्रॅक्टर मागे. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. वेग म्हणजे नुसता तबकडीचा कल.

आता माळीबाबाच्या वाक्याकडे या. दट्टे आणि त्यांची घरं यांच्यात केसाहूनही बारीक फट असते. तेल घट्ट असेपर्यंत ती फट तेलच भरून काढतं. तेल जुनं झालं किंवा फार तापलं की पातळ होतं आणि दाबाखालचं तेल त्या फटींतून मागच्या मागे निसटतं. पंप फिरतो, पण चाकांपर्यंत जोर पोचत नाही. गार असताना चढतो, तापल्यावर थांबतो, ही त्या दुखण्याची ठरलेली खूण. मोडलेला गिअर सकाळी बरा होऊन दुपारी मोडत नाही. 'थकलां' हे निदान बरोबर होतं, 'निकामी' हे नव्हतं.

पुढची पायरी ओळख पटवण्याची. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं नाव इथं कामाचं नाही, कारण ट्रॅक्टर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या हा भाग दुसऱ्यांकडून घेतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मॉरिसटाऊनची टफ टॉर्क आणि इलिनॉय राज्यातल्या सलिव्हनची हायड्रो-गिअर ही त्यातली दोन मोठी नावं. एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या दोन ट्रॅक्टरांतही वेगळे ट्रान्सअ‍ॅक्सल असू शकतात. म्हणून पेटीवरचीच पाटी वाचायची. ती असते पेटीच्या अंगावर, बहुधा मागच्या किंवा बाजूच्या अंगाला, मातीच्या थराखाली. आम्ही तारेचा ब्रश न वापरता ओल्या फडक्यानं पुसलं, कारण पाटी कागदी चिकटपट्टीची असते आणि ब्रशनं अक्षरंच निघून जातात. मग दाढीचा आरसा आणि मोबाईलची बॅटरी. माळीबाब आरसा धरून पालथा पडलेला आणि मी उलटी अक्षरं वहीत सुलटी करून लिहितोय, असा तो कार्यक्रम. पंधरा मिनिटांत मॉडेल आणि अनुक्रमांक मिळाला. त्यावरून उत्पादकाची पुस्तिका मिळाली, आणि पुस्तिकेत तेलाचा प्रकार, माप आणि तेल बदलायची रीत सगळं लिहिलेलं होतं. सीलबंद म्हणजे तळाला तेल काढायचा बोल्ट नाही, इतकाच त्याचा अर्थ.

नावावर इतकं अडून बसण्याचं कारण पुढं कळलं. जवळच्या एका गॅरेजात चौकशी केली तर पहिला प्रश्न आला, "गिअरबॉक्स ना? नव्वद नंबर टाकूया?" नव्वद नंबर म्हणजे दाट गिअरतेल. खऱ्या गिअरबॉक्सला ते औषध, पण याला विष. यात इंजिन ऑईलच्या जातीचं तेल लागतं. टफ टॉर्कच्या के-46 नावाच्या सर्रास दिसणाऱ्या पेटीला 10डब्ल्यू-30 चालतं, हायड्रो-गिअरच्या बऱ्याच पेट्यांना 20डब्ल्यू-50 लागतं. चुकीचं नाव फाईलीत लिहिलं की चुकीचं तेल पोटात जातं, असं हे सरळ आहे.

शेवटी मिळाला तो खानापूरकडचा एक मेस्त्री. फोंड्याच्या बाजूला जेसीबीच्या हायड्रॉलिकची कामं करतो. बेळगावात उद्यमबागेच्या आणि मच्छेच्या पट्ट्यात हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने पुष्कळ. सुरेश हुंद्रे यांची पॉलिहायड्रॉन त्यातली नावाजलेली. आमच्या मेस्त्रीचे हात त्याच भागातल्या एका छोट्या वर्कशॉपात तयार झालेले. त्यानं दरपत्रक वाचलं, हसला आणि म्हणाला, "उघडून बघितल्याशिवाय मेला म्हणून कसं सांगायचं की हो?"

पण त्यानं लगेच उघडलं नाही. आधी बाहेरून तपासत गेला, आणि हा क्रम लिहून ठेवण्यासारखा आहे. पहिलं, मागचा बायपासचा दांडा. ट्रॅक्टर ढकलून न्यायचा असेल तर हा दांडा ओढतात, त्यानं तेलाला आडवाट मिळते आणि चाकं मोकळी होतात. तो अर्धवट राहिला तर ट्रॅक्टर कधीच जोर धरत नाही. दुसरं, पट्टा आणि त्याला ताण देणारी स्प्रिंग. पट्टा घसरला तरी लक्षण असंच दिसतं. तिसरं, पेडलपासून पेटीपर्यंतचा दुवा पूर्ण सरकतो का. चौथं, मागच्या चाकाच्या आसातली चावी जागेवर आहे का. पाचवं, पुलीजवळचा पंखा आणि पेटीच्या अंगावरचे थंडाव्याचे पंख. आमच्याकडे पहिली चार ठीक निघाली. पाचव्याला मात्र सगळे थबकले. पावसात कापलेलं ओलं गवत आणि जांभ्याची तांबडी धूळ यांचा गिलावा पंखांमध्ये घट्ट बसलेला, आणि पंख्याची दोन पाती तुटलेली. वारा लागत नव्हता, म्हणून तेल तापत होतं.

मग बॅटरी आणि प्लगची वायर सुटी करून ट्रॅक्टर मागून उचलला. जॅकवर विसंबून कुणी खाली शिरायचं नाही, हे मेस्त्रीनं दोनदा बजावलं आणि चिऱ्यांवर फळ्या ठेवून भक्कम टेकू दिला. चाकं आसाला गंजून बसली होती, त्यांना दोन दिवस तेल पाजावं लागलं. पट्टा, तीन दांडे आणि बोल्ट काढून पेटी खाली उतरवली, बाहेरून स्वच्छ केली आणि वरचं टोपण काढून रात्रभर उलटी ठेवली. सकाळी बादलीत दोन लिटरांच्या आतलं, काळपट, पाण्यासारखं पातळ तेल होतं. बोटावर घेतलं तर चांदीसारखी बारीक चमक. ती धातूची झीज. मेस्त्री म्हणाला, "म्हातारपण आहे, पण चुरा नाही." तुकडे असते तर पेटी उघडावीच लागली असती.

एकदा नवं तेल घालून, हलवून, पुन्हा काढलं. मग पुस्तिकेतल्या पातळीपर्यंत ताजं सिंथेटिक तेल भरलं, पंखा बदलला, सगळं परत जोडलं. राहिली शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हवा काढणं. पिचकारीत हवेचा बुडबुडा राहिला तर दट्ट्या नुसता बुडबुडा दाबत बसतो. चाकं अधांतरी ठेवून, बायपास उघडा ठेवून इंजिन मंद चालवलं आणि पेडल सावकाश पाचसहा वेळा पुढे-मागे केला. नंतर बायपास बंद करून तेच. आधी पेटी गुरगुरत होती, हळूहळू आवाज मऊ झाला. तेलाची पातळी पुन्हा पाहून थोडी भर घातली.

दुपारी दोन वाजता, भर उन्हात, माळीबाबानं ट्रॅक्टर चढावर घातला. पाऊण तास कापल्यावरही तो चढला. अगदी नव्यासारखा नाही. माथ्याजवळ किंचित दम लागल्यासारखा आवाज येतो, आणि धातूची जी झीज झाली ती तेलानं भरून येत नाही. मेस्त्रीनं तसं स्पष्ट सांगितलं. दरवर्षी पावसाळ्याआधी पंख साफ करायचे, ओलं गवत कापल्यावर त्याच दिवशी ते काढायचं, चढाचं काम सकाळी उरकायचं. असं केलं तर अजून काही पावसाळे निघतील.

मी टिपण नव्यानं लिहिलं. 'गिअरबॉक्स निकामी' खोडून योग्य नाव, पाटीवरचा क्रमांक, तेलाचा प्रकार, झालेला खर्च आणि पुढची देखभाल असं सगळं घातलं. खर्चाचा आकडा दरपत्रकापुढे इतका लहान होता की वरच्या साहेबांनी फोन करून 'एक शून्य राहिलं का?' म्हणून विचारलं. टिपणाच्या शेवटी एक वाक्य मुद्दाम घातलं : बिघाडाचं लक्षण यंत्रचालकानं अचूक सांगितल्यामुळे निदान शक्य झालं. निर्लेखनाचा प्रस्ताव मागे घेतला गेला, आणि मार्चमध्ये मुदतवाढीचा कागद निघाला. एक वर्षाचीच मुदतवाढ, त्यापुढचं त्या वेळी पाहू.

तुमच्या सोसायटीत, शाळेत, कचेरीत असं एखादं यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेलं असेल, तर दोन गोष्टी करून बघा. ओल्या फडक्यानं त्याची पाटी पुसा, आणि रोज ते चालवणाऱ्या माणसाला विचारा की ते नेमकं कधी थकतं. फाईलवर शेरा लिहिणाऱ्यानं बहुधा या दोन्हीपैकी काहीच केलेलं नसतं.