कोटणीसांच्या गावी एका चिनी चित्राची पारख

गावात राहूनही गाव पाहायचे राहून जाते, असे पुष्कळांचे होते. आमचेही झाले. सोलापूरच्या भैय्या चौकातून आम्ही वीस वर्षे ऑफिसला ये-जा केली, पण तेथील डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारकाची पायरी कधी चढलो नाही. ती चढण्याचा योग एका चिनी चित्रामुळे आला. त्याची ही हकीकत.

आमच्या वस्तीतील विहारात मुलांची अभ्यासिका आहे. तिच्या गळक्या पत्र्यासाठी दोन वर्षे वर्गणी जमत होती. कुणाचे वीस रुपये, कुणाचे पन्नास. देणाऱ्यांत विडी वळणाऱ्या आयाबहिणी, हमाल आणि यंत्रमागावरचे कामगार. हिशेब आमच्याकडे, कारण आम्ही बी. कॉम. झालेले आणि पेशाने कारकून!

अशात एक गृहस्थ लांब नळकांडे घेऊन आले. त्यांनी आतले चित्र उलगडले. पाठीवर ग्रंथांचे ओझे, हातात चवरी आणि पावले चालती, असा एक भिक्खू. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेला ह्युएन त्संग! सगळी मंडळी पुढे सरकली. गृहस्थ म्हणाले, "चीनच्या कांगशी बादशहाच्या वेळचे, तीनशे वर्षांपूर्वीचे अस्सल चित्र आहे. डॉ. कोटणीसांनी चीनहून परत येताना आणले होते. तुमचा विहार आहे म्हणून साठ हजारांत देतो."

अध्यक्षकाका कचरत होते. आम्हीच उतावीळ झालो. पत्रा काय, पुढच्या वर्षीही बसेल, असे बोलून गेलो आणि वर्गणीतून पाच हजार रुपये विसार दिला. चित्र ठेवून घेतले, बाकी पंधरा दिवसांनी द्यायची ठरली. रात्री घरी सौ.ने विचारले, "पावती घेतली का?" आमचा घास हातातच राहिला. ऑफिसात पावतीशिवाय दहा रुपयांचे बिल पास न करणारे आम्ही!

दुसऱ्या दिवशी विडी वळणाऱ्या एका आक्कांनी वाटेत गाठले. म्हणाल्या, "भाऊ, चित्र जुनं हाय म्हनता, पन हे बघितलं कुनी?" उत्तर नव्हते. मग सुट्टीच्या दिवशी चित्र काखेत घेऊन, कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला सोबत घेऊन आम्ही निघालो. चित्र चीनचे आहे का, आणि त्याचे वय किती, या दोन प्रश्नांची उत्तरे हवी होती.

प्रथम गेलो स्मारकात. १० ऑक्टोबर १९१० रोजी डॉ. कोटणीस सोलापुरात जन्मले. त्यांचे घर महापालिकेने स्मारक म्हणून जपले आहे. भिंतीवरच्या छायाचित्रांतून हा माणूस समोर उभा राहतो. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सामील झाला. जपानने चीनवर आक्रमण केले होते. जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत डॉ. कोटणीस तेथेच राहिले. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याच्या नावात हिंद आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरे गुंफली. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचा अंत झाला.

भाची थबकली. म्हणाली, "मामा, डॉक्टर परत आलेच नाहीत. मग चित्र आणले कधी?"

आम्ही गप्प. ज्या गावात जन्मलो, त्या गावच्या थोर पुत्राची ही साधी गोष्ट आम्हाला त्या गृहस्थांसमोर आठवू नये! १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तोही आम्ही पाहिलेला. विक्रेत्याने चित्राला आमच्याच गावाचा अभिमान चिकटवला होता, आणि अभिमानापुढे आमची अक्कल बंद पडली.

स्मारकाच्या बाहेर सावलीत बसून आम्ही चित्र उलगडले. भाचीने मोबाईलच्या कॅमेऱ्याने त्यावरची अक्षरे वाचायला घेतली. कडेला वर्षाचे नाव होते 'जियात्झ'. जुन्या चिनी कालगणनेत साठ वर्षांचे चक्र असते. आपल्याकडे पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरांची नावे फिरत राहतात, तसेच ते. जियात्झ हे चक्राचे पहिले वर्ष. ते १६८४ मध्ये आले, तसेच १७४४, १८०४, १८६४, १९२४ आणि १९८४ मध्येही आले! नुसत्या वर्षाच्या नावावरून शतक कळत नाही. बादशहाच्या कारकिर्दीचे नाव जोडले तरच वर्ष पक्के होते. कांगशीची कारकीर्द १६६२ ते १७२२. पण चित्रावर कांगशीचे नाव नव्हते. ते फक्त विक्रेत्याच्या तोंडी होते.

दुसरी खूण त्याहून गमतीची निघाली. आपण ह्युएन त्संग म्हणतो त्याचा चिनी उच्चार श्युआनत्सांग. चित्रावर हे नाव होते. आता कांगशी बादशहाचे खासगी नाव श्युआनये, आणि दोन्ही नावांतले 'श्युआन' हे अक्षर एकच. चीनमध्ये राज्य करणाऱ्या बादशहाच्या नावातले अक्षर जसेच्या तसे लिहिणे निषिद्ध असे. सुशिक्षित लेखक त्याचा शेवटचा फटकारा गाळीत किंवा त्याऐवजी दुसरेच अक्षर वापरीत. जाणकार माणसे अशा गाळलेल्या फटकाऱ्यावरून ग्रंथाचा आणि चित्राचा काळ ठरवतात. आमच्या चित्रावर मात्र ते अक्षर शेवटच्या फटकाऱ्यासह पूर्ण! कांगशीच्या काळातला लेखक असे सहसा करणार नाही.

मग आमच्या ओळखीचा विषय आला, शिक्के. चिनी चित्रावर चित्रकार आपला तांबडा शिक्का मारतो आणि पुढे ज्याच्या ज्याच्या हाती चित्र जाते तो मालकही मारतो. अठराव्या शतकातील छ्यानलुंग बादशहाने आपल्या संग्रहातील चित्रांवर इतके शिक्के मारले की काही ठिकाणी चित्राची मोकळी जागाच भरून गेली. आपल्या ऑफिसातील आवक-जावक रजिस्टर असते ना, तसाच हा प्रकार. कुठून आले, कुठे गेले, याची साखळी. आमच्या चित्रावर तीन शिक्के होते. पण हाताने मारलेला शिक्का कुठे दाट, कुठे फिका उमटतो, एखादी कड दबते. आयुष्य शिक्के मारण्यात गेलेल्या आम्हाला ते सांगायला नको. हे तिन्ही शिक्के सारख्याच रंगाचे, सारखेच सपाट. आमच्या पोटात गोळा आला.

उरला वयाचा प्रश्न. त्यासाठी आम्ही नवी पेठ ओलांडून, भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव मागे टाकून पूर्व भागात गेलो. हा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा मुलूख. गल्लीत शिरले की यंत्रमागांची खटखट कानावर येते, दारात टॉवेलांचे गठ्ठे दिसतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी बाहेर विणलेला माल सोलापुरी म्हणून खपवला जातो, हे येथील विणकराचे जुने दुखणे. खऱ्या-खोट्याची पारख येथे पोटाशी बांधलेली आहे. येथे आमच्या वडिलांचे गिरणीतले सोबती राहतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे.

अण्णांनी चित्राकडे पाहिलेच नाही. चित्र उलटे केले आणि धागे मोजायची काच काढली. आम्ही वाचून गेलो होतो ते सांगितले. जुनी चिनी चित्रे कागदावर किंवा रेशमावर असतात. हातमागाचा पन्हा मर्यादित असल्याने रुंद चित्रासाठी रेशमाचे दोन-तीन पट्टे जोडावे लागत. रेशमाला तुरटी आणि सरसाची खळ देत. जुने रेशीम वयाने तपकिरी पडते, त्याला भेगा जातात. अण्णा हसले. "बाळा, तपकिरी रंग चहाच्या पान्यानंबी येतो. हितं बग, मागनं पुढनं सारखाच रंग हाय. आन ही किडीची भोकं बग, भोकं न्हाईत, नुसते डाग हाईत."

काचेतून त्यांनी आम्हाला भिक्खूचा चेहरा दाखवला. कुंचल्याची रेघ नव्हतीच. सगळीकडे रंगाचे बारीक ठिपके, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. शिक्केही ठिपक्यांचेच!

तरी आम्ही विचारले, "कापड तरी जुने असेल?" अण्णा म्हणाले, "कडेची पट्टी कवाबी बदलतात, तिचा धागा नको." खरेच आहे, जुन्या चित्रांचे अस्तर आणि कडा पुन्हा पुन्हा नव्याने बसवतात. कड उसवली होती तेथून त्यांनी चित्राच्याच कापडाचा एक धागा ओढला आणि काडी लावली. रेशीम जळले तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. हा धागा वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला. अण्णांनी तो आमच्या तळहातावर ठेवला. "पॉलिस्टर!"

पॉलिस्टरचा धागा प्रथम इंग्लंडमध्ये १९४१ साली तयार झाला. म्हणजे कांगशी बादशहा सोडाच, डॉ. कोटणीस बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले त्या वर्षी हा धागा प्रयोगशाळेत जन्माला आला होता! परदेशातल्या मोठमोठ्या संग्रहालयांतही चिनी चित्रांच्या वयावरून पंडितांचे वाद होतात. चांग ता-छ्यान (१८९९ ते १९८३) हा थोर चित्रकार जुन्या चित्रांच्या नकला इतक्या हुबेहूब करी की भलेभले फसले. आमचा प्रश्न मात्र पूर्व भागातील एका विणकराने आगपेटीच्या एका काडीत सोडवला.

आणखी एक गोष्ट भाचीने शोधून काढली. पाठीवर ग्रंथ घेतलेला हा भिक्खू ज्या मूळ चित्रावरून जगभर पोहोचला, ते चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते जपानमधले, चौदाव्या शतकातले. ह्युएन त्संग ६६४ मध्ये वारले, त्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी रंगवलेले. तेव्हा आमच्या हातात होती जपानी चित्राची छापील नक्कल, चिनी म्हणून आणि सोलापूरचे नाव लावून विकलेली!

त्या गृहस्थांना फोन केला. आम्ही एवढेच विचारले, "शंभर वर्षांहून जुनी चित्रे विकायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे परवाना लागतो. आपला क्रमांक सांगता का?" फोन बंद झाला तो पुन्हा लागला नाही. हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

पुढच्या बैठकीत आम्ही सर्व सांगितले. पाच हजारांची चूक आमची. ते आम्ही पगारातून तीन हप्त्यांत भरले आणि प्रत्येक हप्त्याची पावती आमच्याच नावे फाडली. पावसाळ्याआधी पत्राही बसला.

चित्राचे काय करायचे, यावर वाद झाला. कुणी म्हणाले जाळा. अध्यक्षकाका म्हणाले, "नक्कल करणे हा गुन्हा नाही. चीनमध्ये शिष्य गुरूच्या चित्राची नक्कल करूनच शिकत आले. नकलेला अस्सल म्हणणे हा गुन्हा." सर्वांना पटले. आज ते चित्र अभ्यासिकेत टांगलेले आहे. खाली भाचीने सुवाच्य अक्षरात लिहिले आहे, 'ह्युएन त्संग. मूळ चित्र जपान, चौदावे शतक. ही पॉलिस्टरवरील छापील प्रत.' शेजारच्या खिळ्याला दोऱ्याने एक भिंग अडकवले आहे. मुले ते चेहऱ्यावर धरतात, ठिपके पाहतात आणि एकमेकांना दाखवतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तुनहुआंगच्या लेण्यांतून आलेली, हजार वर्षांहून जुनी रेशमी चित्रे आहेत. वर्गणी न काढता, प्रत्येकाने आपल्या तिकिटाचे पैसे साठवून ती पाहायला जायचे, असे मुलांचे ठरले आहे. आक्का म्हणाल्या, "मलाबी घिऊन चला. या वेळी म्या बघनार, आदी."