ट्रॉलीला करंट येत नाही

नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान कधी रात्री कोल्हापूरहून राधानगरी रस्त्याने गेला असाल, तर उसाचा ट्रॅक्टर तुम्हाला दोनदा भेटला असेल. एकदा समोरून आणि एकदा मागून. समोरून येणारा ट्रॅक्टर म्हणजे चालती वरात. बॉनेटवर निळ्या-जांभळ्या एलईडी पट्ट्या, छतावर चार-सहा फोकस आणि डेकवर असलं काही दणदणीत गाणं की आपल्या गाडीच्या काचा थरथराव्यात. आपले डोळे दिपतात, आपण शिव्या घालतो आणि पुढे जातो.

मागून मात्र तो भेटत नाही. एकदम समोर उभाच असतो! उसाचा एक काळा डोंगर, ना दिवा ना काही.

हिशेब करायची सवय वाईट, पण करूनच बघा. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटरने चाललाय. मागून मोटरसायकलवाला ६० ने येतोय. म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने कमी होतंय. समोरून गाडी येतेय म्हणून याने डिपर मारलाय, आणि डिपरमध्ये मोटरसायकलच्या दिव्याचा उजेड फार तर तीस-चाळीस मीटर कामाचा. म्हणजे हातात आले तीन सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद ‘हे नक्की काय आहे?’ यातच जातो. उरलेल्यात ब्रेक. ऊस काळपट, ट्रॉली मातीने माखलेली, समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांत. पेपरात आतल्या पानावर ‘ट्रॉलीला पाठीमागून धडक’ अशी दोन इंची बातमी येते ती बऱ्याचदा याच तीन सेकंदांची.

कायद्याने मागे लाल दिवा लागतो, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ पासून आहेत, हे सगळं खरं. पण मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. गाडीचा हेडलाईट गेला तर ड्रायव्हरला त्याच क्षणी कळतं, कारण त्रास त्याला होतो. हॉर्न गेला तरी कळतं. ट्रॉलीचा मागचा दिवा ही एकच वस्तू अशी आहे की ती चालू आहे की बंद, हे चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो दिवा त्याच्यासाठी नाहीच मुळी, अनोळखी माणसासाठी आहे. आणि अनोळखी माणूस तक्रार करायला थांबत नाही. आमच्या धंद्यात याला ‘सर्व्हर पडलाय पण अलार्म बसवलेलाच नाही’ म्हणतात. महिनोन् महिने पडलेला असतो. कुणाला पत्ता नाही.

तर सांगायचा मुद्दा असा की आमच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर गेली दोन वर्षं ऊस वाहतुकीला आहे. या शनिवारी मी गावी गेलो होतो. मागे चहा घेत बसलो असताना तो सहज म्हणाला, “दादा, ट्रॉलीला करंटच येत न्हाई बघ. बल्ब बदलून झालं, प्लग बदलून झाला. आता नवीन वायरिंगच टाकायचं म्हणतोय.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासनं आसंल.”

जानेवारी चालू होता! म्हणजे दोन महिने, रोजची एक खेप धरली तरी साठेक रात्री. मी कप खाली ठेवला.

आता थोडं यंत्रशास्त्र. ट्रॅक्टरच्या मागे, हुकाजवळ, एक गोल झाकणवालं सॉकेट असतं. सात पिनांचं. ट्रॉलीची केबल त्यात खोचायची. हे सात पिन कुणी मनाला येईल तसे ठरवलेले नाहीत, त्याला आयएसओ १७२४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. १ नंबर डावा इंडिकेटर, ४ उजवा इंडिकेटर, ६ ब्रेक, ५ उजवा आणि ७ डावा टेल-लॅम्प, २ मागच्या धुक्याच्या दिव्यासाठी (आपल्याकडे तो बहुधा रिकामाच) आणि ३ नंबर सगळ्यांची मिळून अर्थ. वायरींचे रंगही ठरलेले आहेत, अर्थ पांढरी, ब्रेक लाल वगैरे. गावात मात्र दुकानात ज्या रंगाचं बंडल शिल्लक असेल तो रंग. त्यामुळे नंबर बघायचा, रंगावर जायचं नाही. नंबर प्लास्टिकवर बारीक अक्षरात कोरलेले असतात, माती पुसली की दिसतात.

बिघाड शोधायची आमची पद्धत आणि वायरिंगवाल्याची पद्धत एकच आहे. अर्ध्यात तोडायचं आणि कुठला अर्धा दोषी ते बघायचं. इथे तोडायची जागा देवानेच दिलीय, प्लग! प्लग काढला आणि एका जुन्या बॅटरीवरून दोन वायरींनी थेट ट्रॉलीच्या प्लगला करंट दिला. ३ ला निगेटिव्ह, ५ आणि ७ ला पॉझिटिव्ह. मागचे दोन्ही दिवे लख्ख. म्हणजे ट्रॉली निर्दोष, बल्ब निर्दोष, नवीन वायरिंगचे पैसे वाचले.

राहिला ट्रॅक्टर. पार्किंगचा स्विच टाकून सॉकेटच्या ५ नंबरला मल्टिमीटर लावला. १२.३ व्होल्ट.

“आरं, करंट हाय की!” भाऊ खूश.

प्लग परत लावला. दिवा नाही.

एवढ्यात गावातले वायरिंगवाले मामा आले. त्यांनी माझ्या मीटरकडे एकदा प्रेमाने पाहिलं आणि पिशवीतून आपलं हत्यार काढलं. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला डकवलेल्या दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला खिळा. बस. चिमटा ३ नंबरला, खिळा ५ नंबरला. बल्ब मेलेला. “ह्यो बघा करंट,” मामा म्हणाले.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे तुम्हाला माहीत आहे. पिंग येतोय पण पान उघडत नाही, तो हा प्रकार. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध एक कोटी ओहमच्या घरात असतो. तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट मागत नाही. वायरीच्या पन्नास तारांपैकी गंजलेली एकच तार कशीबशी टेकून असली तरी मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपियर मागतो. तेवढा त्या एका कुसातून कुठून जाणार? नळाचंच उदाहरण घ्या. नळ बंद असेल तर गाळाने भरलेल्या पाईपलाही प्रेशर पूर्ण दिसतं. नळ सोडला की करंगळीएवढी धार. मामांचा बल्ब लावलेला असतानाच मी पुन्हा मीटर धरला, तर आकडा धाडकन शून्याच्या आसपास. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला प्रश्नच सोपा विचारला होता.

पुढचं काम मग पंधरा मिनिटांचं. ब्रेक दाबला तर ६ नंबरवर मामांचा बल्ब झगझगीत पेटत होता, म्हणजे ३ नंबरची अर्थ सुटली. (एरवी पहिला संशय अर्थवर घ्यावा. बरेच जण अर्थची वायर टाकतच नाहीत, ट्रॉलीची दांडी आणि हुकाची पिन यांच्या लोखंडातून परतीचा करंट जाईल असं धरतात. ग्रीस आणि चिखलातून तो मनात आलं तर जातो. ट्रॉली खड्ड्यात आदळली की दिवे लुकलुकतात ते यामुळे.) मडगार्डवरचा ट्रॅक्टरचा स्वतःचा लाल दिवा लागत होता, म्हणजे फ्यूज आणि स्विचही सुटले. उरली मडगार्डपासून सॉकेटपर्यंतची दोन-अडीच हात वायर.

ती मामांनी बोटांनी चाचपत नेली. मडगार्डच्या आतल्या बाजूला काळ्या टेपचा लिंबाएवढा गोळा लागला. सोडला. आत हिरवागार चुरा! तांब्याला पाणी आणि हवा लागली की होतो तसा. आणि त्या गोळ्यातून एक जास्तीची लाल वायर निघून वर चालली होती.

वर कुठे? छतावर. एलईडी पट्ट्यांना.

गेल्या हंगामात पट्ट्या लावणाऱ्या पोराला त्या पार्किंगच्या स्विचबरोबर पेटायला हव्या होत्या. म्हणून त्याने ट्रॉलीच्या टेल-लॅम्पची वायर सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून तिथून करंट घेतला होता. सोलताना निम्म्या तारा तुटल्या. दर आठवड्याला पंपाच्या पाण्याने धुणं झालं, टेपच्या आत पाणी साठलं. पट्ट्यांची जोडणी अलीकडच्या बाजूला, त्यामुळे त्या मजेत झगमगत राहिल्या. पलीकडचा मागचा दिवा विझला. त्यातही एक गंमत बघा. ट्रॉलीला जुने बल्ब होते म्हणून दिवा सरळ बंदच पडला. तिथे एलईडीचे दिवे असते तर ते इतका थोडा करंट खातात की त्या एका तारेवरही मिणमिणत राहिले असते, आणि ‘दिवा लागतोय की’ म्हणून अख्खा हंगाम निघाला असता.

भाऊ काही बोलला नाही. काका मात्र ओट्यावरून सगळं ऐकत होते. “फुडं लगीन आनि मागं सुतक,” एवढंच म्हणाले.

मामांनी तेवढा तुकडा कापून टाकला, नवी वायर घेतली, थिंबल दाबून बसवले, वर स्लीव्ह तापवून चढवली. सॉकेटच्या पिना पॉलिश पेपरने घासून व्हॅसलीन लावलं. पट्ट्यांना आणि डेकला बॅटरीवरून वेगळी लाईन, वेगळा फ्यूज. (फ्यूज उडाला की सिगारेटची चांदी गुंडाळणारे लोक अजून आहेत. त्यांच्या ट्रॅक्टरजवळ गाडी लावू नका.) प्लग खोचला, दोन्ही लाल दिवे लागले. आम्ही तिघं उगाचच मागे जाऊन ते बघत उभे राहिलो.

मग मी विचारलं, “आणि दुसऱ्या ट्रॉलीचं?”

कारण ऊस जातो तो दोन ट्रॉल्यांतून. रस्त्याला जी पाठ दिसते ती दुसरीची. पहिलीच्या मागे सॉकेट बसवून तिथून पुढे केबल न्यावी लागते. या पठ्ठ्याच्या दुसऱ्या ट्रॉलीला वायर नावाचा प्रकार नव्हताच. होते ते दोन रिफ्लेक्टर, हंगामाच्या सुरुवातीच्या मोहिमेत लावून दिलेले, आणि त्यातला एक फुटलेला. मोहिमा दरवर्षी होतात, पोलीस, आरटीओ, कारखाने सगळे मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात. चांगलीच गोष्ट आहे. पण भरल्यावर ऊस मागे फूट-दोन फूट बाहेर लोंबतो, आणि रिफ्लेक्टर असो की दिवा, त्याच्या आड जातो. रिकाम्या ट्रॉलीवर तपासलेली गोष्ट भरल्या ट्रॉलीवर चालेलच असं नाही. खरं तर ही सगळी तपासणी यार्डाच्या दारात, भरलेल्या ट्रॉलीवर, अंधार पडल्यावर व्हायला हवी.

रविवारी आम्ही उद्यमनगरात गेलो. दहा मीटर केबल, एक सॉकेट, एक प्लग, दोन दिवे आणि लाल रेडियमची पट्टी घेतली. मामांनी दिवे ट्रॉलीच्या पाठीला न लावता एका लाकडी फळीवर लावले. फळीला दोन आकडे. ऊस भरून झाला की दोरखंडाला मागच्या बाजूला ती फळी अडकवायची, उसाच्या बाहेर. फळीवर खाली रेडियम, म्हणजे करंट गेलाच तर तेवढं तरी चमकेल. परतताना कारखान्यावर फळी काढून ट्रॅक्टरवर ठेवायची.

संध्याकाळी पहिली खेप निघाली. मी मोटरसायकल घेऊन परिते फाट्यापर्यंत मागे मागे गेलो आणि मुद्दाम लांब राहिलो. पाचशे पावलांवरूनही दोन लाल ठिपके दिसत होते. वाटेत एका ठिकाणी दोन खेपांचे ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभे होते. त्यांच्या मागे काहीच नव्हतं. भावाने थांबून त्यांना फळी दाखवली. त्यातल्या एकाने पहिला प्रश्न विचारला तो पट्ट्या कुठून आणल्या हा. दुसऱ्याने मामांचा नंबर घेतला.