भाकर, रोट्टी, बाटी

आमचं गाव बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी म्हैसूरकडं आली. त्यामुळं आमच्या आत्याचं घर एका राज्यात आणि आमचं दुसऱ्यात. गावात मराठ्यांची घरं, लिंगायतांची गल्ली, मुसलमानांचा मोहल्ला आणि ओढ्यापलीकडं लमाणांचा तांडा. बाजारच्या दिवशी एकच माणूस दहा मिनिटांत तीन भाषा बोलतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

या गावची सरकारी मराठी शाळा मी चौदा वर्षं चालवली. मुख्याध्यापक मी, आणि कुलूप उघडणारा, घंटा देणाराही मीच. तालुक्याहून पत्र यायचं ते कन्नडात. मला कन्नड बोलता यायचं, वाचताना मात्र अडखळायचो. मग किराणा दुकानदाराकडून पत्र वाचून घ्यायचं आणि त्याच्याच गल्ल्यावर सही ठोकायची. मराठी शाळेचा हेडमास्तर म्हणून मला त्याची लाज नव्हती, उलट थोडी ऐटच होती.

पट दरवर्षी घसरत होता. मराठी घरांतली पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेला जाऊ लागली. एका जूनमध्ये पहिलीला तीनच नावं आली. मी तांड्यावर गेलो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायला हवं, त्याची सोय राज्यानं करावी, असं घटनेचं 350-अ कलम सांगतं. गावच्या बैठकीत मी ते नेहमी सांगायचो, तिथंही सांगितलं.

एक बाई बाजेजवळ उभी राहून ऐकत होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी, सहा वर्षांची पोरगी कडेला धरलेली. ती म्हणाली, "गुर्जी, आमच्या घरात गोरमाटी बोलत्यात. मग आमची शाळा कुठंय?"

मी गप्प बसलो.

"मराठी शिकून हिला हितं नोकरी कोण देतंय? हापिसात समदं कन्नड. आन् तुमची पोरगी कुठं शिकायलीय?"

माझी पोरगी बीदरला इंग्रजी शाळेत होती. सगळ्या तांड्याला ते माहीत होतं. मी खरं तेच सांगितलं आणि चप्पल घालून निघालो. ओढा ओलांडेपर्यंत मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. एक गोष्ट ध्यानात आली: मराठी शाळा टिकवायची तर तिथं कन्नड नीट शिकवायला पाहिजे. विषय होताच, पण आम्ही तो उरकायचो. दुसऱ्या दिवशी मी लिंगायत गल्लीतल्या आप्पांकडं गेलो. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. म्हटलं, रोज सकाळी एक तास शाळेत या. ते म्हणाले, "येतो. पण तुम्हीपण पोरांसंगं खाली बसायचं." बसलो. पन्नाशीत पाटी घेऊन ओंदु, एरडु, मूरु गिरवलं. पोरं खूप हसली.

ती बाई आठवडाभरानं पोरीला घेऊन आली. म्हणाली, "कन्नड आलं नाही तर काढून नेईन."

पोरगी महिनाभर तोंडच उघडेना. एक दिवस मी फळ्यावर भाकरीचं चित्र काढलं आणि विचारलं, घरी याला काय म्हणता? भाकर, रोट्टी, रोटी अशी उत्तरं आली. मागून बारीक आवाज आला, "बाटी." मी फळ्यावर तेही लिहिलं. ती पुढं येऊन त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. त्या दिवसापासून ती बोलू लागली. ऊसतोडीच्या दिवसांत आजीजवळ राहायची, पण शाळा सोडली नाही. पुढच्या जूनमध्ये तांड्यातून सहा पोरं आली, मोहल्ल्यातून दोन.

मराठी शाळा वाचवली असं मी कधी म्हणत नाही. ती ज्यांची नव्हती त्यांच्या पोरांनी ती वाचवली. माझी स्वतःची मुलगी आज मोठ्या पगारावर आहे, पण मराठीत दोन ओळी लिहायच्या तर अडते. तो हिशेब माझ्या खात्यावर आहे.

मी निवृत्त झालो त्या वर्षी ती पोरगी सातवीत होती. निवृत्तीचा आदेश आला, अर्थात कन्नडात. आता मला तो वाचता येत होता. तरी मी तो तिच्या हातात दिला. तिनं खणखणीत वाचला, मग मराठीत अर्थ सांगितला. शेवटी कागद माझ्याकडं देत म्हणाली, "गुर्जी, उद्यापासून कुलूप कोण उघडणार?"

मी किल्ली खिशातच ठेवली होती. ती द्यायला माझा हात लवकर पुढं झाला नाही.